चार नंबरची लाईन

“आज थंडर कॉल आला तरी चार नंबर थांबणार नाही. समजलं?”

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. वर्कशॉपच्या कॅप्टनसाहेबांनी चार नंबरची शेड मागितली. मी टेलिफोन बोर्डवर कॉर्ड जोडली, घंटी दिली आणि लाईन लागली की नाही हे पाहायला नियमाप्रमाणे क्षणभर कान दिला. लाईन लागली होती. चार नंबरचे मिस्त्री गयाप्रसाद पलीकडून हळूच म्हणाले, “साहब, नियम तो...”

“नियम मी बघतो. पाऊस आला तर थांबा. नुसत्या गडगडाटासाठी नाही.”

मी ऐकायचा खटका बंद केला. ऑपरेटरने याच्यापुढे ऐकायचं नसतं, आणि कानावर पडलेलं कुणाला सांगायचं नसतं. भरती होताना आम्ही सगळ्यांनी तशी सही केली होती.

महायुद्ध चालू होतं. जबलपूरच्या बाहेर, टेकड्यांच्या पलीकडे दारूगोळ्याचा एक डेपो होता. तिथल्या टेलिफोन एक्स्चेंजवर माझी नेमणूक होती. सैन्याच्या महिला दलात मी प्रायव्हेट, म्हणजे साधी शिपाई होते. वडील कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे गिरवणारे ट्रेसर. त्यांनी मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं होतं, त्यामुळे माझं इंग्रजी चांगलं होतं. बोर्डवर मला घेतलं ते त्यासाठी. बोलकी म्हणून नाही.

अजूनही आमच्या गल्लीतल्या बायका विचारतात, तुम्ही पोरी तिथे नेमकं काय करत होता? मी सांगते, फोन जोडत होते. त्यांना ते काम वाटत नाही, आणि मीही वाद घालत नाही.

खरं तर ते काम माझ्यासाठीच बनवल्यासारखं होतं. वाक्यं ठरलेली असायची. नंबर प्लीज. होल्ड द लाईन. नो रिप्लाय, सर. आपल्या मनाचं काही बोलावं लागत नसे. खाकी साडीचा पदर कॉर्डमध्ये अडकू नये म्हणून खांद्यावर पिनने पक्का करायचा, हेडसेट चढवायचा आणि बसायचं. घरी गेलं की आई म्हणायची, “काहून गप बसून राहिली? तिथं पण अशीच बसते का?” मी म्हणायचे, तिथे गप बसण्याचेच पैसे देतात.

माझ्या शेजारची खुर्ची कॉर्पोरल आयरिसची. ती रेल्वे कॉलनीतली अँग्लो-इंडियन मुलगी, वडील गार्ड. माझ्याहून थोडीच मोठी, पण शिफ्टची इनचार्ज. तिचं तोंड सतत चालू असे. लाईनवरच्या हवालदारांची चौकशी करायची, कुणाच्या बायकोला बाळ झालं ते तिला त्याच्या अधिकाऱ्याच्या आधी ठाऊक असायचं. आमच्या ज्युनिअर कमांडर मॅडमनी तिला गप्पांवरून दोनदा तंबी दिली होती. तंबी मिळाली की ती तासभर अगदी शहाण्यासारखी बसायची.

मला ती पुराणिक न म्हणता ‘राशनवाली’ म्हणायची.

“अरे, बोल ना! बोलने पे भी राशन लगा है क्या? साखर मिळत नाही, केरोसीन मिळत नाही, शब्द तरी फुकट आहेत.”

मी हसायचे.

“बघा, आजचा कोटा संपला मॅडमचा. चलो, माझ्यातला थोडा घे.”

तो आठवडा उन्हाळ्याच्या सुरुवातीचा होता. एरवी त्या दिवसांत जबलपुरात हवा कोरडी व्हायला लागते, दुपारी गरम वारा सुटतो. त्या वर्षी तसं झालं नाही. सकाळपासून चिकचिक. धुतलेली साडी दुसऱ्या दिवशीही ओलसर लागायची. हेडसेटचं काळं एबोनाईट कानाला चिकटायचं आणि काढताना त्वचा ओढली जायची. घरी काडेपेटीतल्या काड्या पेटत नव्हत्या. दुपार उतरली की नर्मदेच्या बाजूने ढग चढायचे, धुळीची वावटळ यायची, डेपोच्या आंब्यांवरच्या कैऱ्या पत्र्यावर पडायच्या. गडगडाट व्हायचा. पाऊस मात्र नाही. ढग तसेच पाटन गावाकडे निघून जायचे आणि मागे आणखी उकाडा ठेवायचे.

दारूगोळ्याच्या डेपोत विजेची भीती पावसाहून मोठी असते. टेकडीवर एक पहाऱ्याची चौकी होती. वीज जवळ येताना दिसली की तिथला जवान एक्स्चेंजला फोन करी आणि एकच शब्द बोले, थंडर. मग आम्ही एकेका शेडला घंटी द्यायची. शेडमधल्या मिस्त्रीने काम थांबवायचं, माणसं बाहेर काढायची, आत कुणी राहिलं नाही हे स्वतः बघायचं आणि परत फोनवर येऊन ‘क्लिअर’ म्हणायचं. तो क्लिअर म्हणेपर्यंत आम्ही लाईन सोडायची नाही. सगळ्या शेड क्लिअर झाल्या की आमची पाळी. हेडसेट उतरवायचा, कॉर्ड काढायच्या आणि दाराजवळच्या रबरी चटईवर जाऊन उभं राहायचं. कारण लाईनी उघड्या होत्या. खांबांवरून मैदानभर पसरलेल्या. वीज तारेवर पडली तर ती तारेने थेट आमच्या कानापर्यंत येणार. वाटेत वीज अडवायला कार्बनचे तुकडे बसवले होते, पण लाईनमन स्वतःच म्हणायचा, दीदी, त्यांच्या भरवशावर राहू नका.

त्या आठवड्यात थंडर कॉल रोज आला. रोज शेड रिकाम्या झाल्या, माणसं लांबच्या मोकळ्या मैदानात जाऊन उकिडवी बसली आणि रोज काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवसापासून लोक हसायला लागले. गेटवर ट्रक खोळंबले. रेल्वेच्या साइडिंगला वॅगनी उभ्या राहिल्या. पूर्वेच्या आघाडीवर तोफगोळे कमी पडत होते, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, पण बोर्डवर बसणाऱ्याला ते कळतं. फोनवरचे आवाज बदलतात.

कॅप्टनसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांचा धाकटा भाऊ त्याच आघाडीवर होता. मी पुष्कळदा विचार केला आहे की त्यांच्या जागी मी असते, तर रोज दुपारी रिकामी होणारी ती शेड मला कशी दिसली असती.

मी ऐकलं ते सकाळी. दुपारपर्यंत कुणाशी बोलले नाही. सही केली होती, आणि शिवाय मी मी होते.

दुपारी ढग रोजच्यापेक्षा खाली उतरले. एक्स्चेंजच्या खोपटात दिवा लावावा लागला. मग बोर्डवर चौकीच्या नंबराची झडप पडली, म्हणजे तिथून फोन आला.

“थंडर,” टेकडीवरचा जवान म्हणाला. मागे वारा एवढा होता की तो शब्दही अर्धाच ऐकू आला.

मी एक ते तीन घेतले, आयरिसने चार ते सहा. एक क्लिअर. तीन क्लिअर. पाच. दोन. सहा. पत्र्यावर कैऱ्या आदळायला लागल्या.

“चार उत्तर देत नाही,” आयरिस म्हणाली. “लाईन खराब आहे का? सकाळी तू जोडली होतीस ना?”

“लाईन ठीक आहे.”

“मग?”

तिने खुर्ची वळवून माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच ती गप्प बसून माझ्या बोलण्याची वाट पाहत होती.

“त्यांना थांबू नका असं सांगितलंय,” मी म्हणाले. “सकाळी. कॅप्टनसाहेबांनी.”

“पक्कं?”

“मी ऐकलं.”

तिने मान हलवली. का सांगितलं, तू आधी का बोलली नाहीस, काही विचारलं नाही. चारची घंटी तिने दाबून धरली.

“पुराणिक, हेडसेट काढ. चटईवर जा.”

“आणि तू?”

“दॅट्स ॲन ऑर्डर, प्रायव्हेट.”

मी हेडसेट काढला. चटईवर गेले. तिथून मला फक्त तिचं बोलणं ऐकू येत होतं.

“मिस्त्रीजी? एक्सचेंज. थंडर है. बाहर निकालो सबको... हाँ, मालूम है किसका हुकुम है. अब मेरा सुनो... मैं ड्यूटी एनसीओ बोल रही हूँ, मेरा नाम लिख लेना. पूछेंगे तो बोलना, आयरिस ने निकलवाया... अरे बाबा, डाँट मैं खा लूँगी, मुझे तो आदत है!”

गयाप्रसाद फोन तसाच टेबलावर ठेवून माणसं काढायला गेले होते. ती हेडसेटवर एक हात दाबून बसून राहिली. दुसऱ्या हाताने तिने बाकीच्या सगळ्या कॉर्ड उपटून टाकल्या. चारची तेवढी ठेवली. बाहेर लख्ख उजेड झाला आणि लगेच आवाज. मी म्हणाले, “आयरिस.” तिने माझ्याकडे न बघता बोट वर केलं, थांब.

“हाँ, मिस्त्रीजी... आखिरी आदमी भी?... अच्छा. शाबास. फोन रखो और भागो.” मग माझ्याकडे वळून, इंग्रजीत, पुस्तकात लिहिल्यासारखं: “फोर क्लिअर.”

तिचे दोन्ही हात हेडसेट काढायला वर गेले होते.

उजेड आणि आवाज एकदमच झाले. बोर्डमधून निळी ज्योत निघालेली मी पाहिली. पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. जळलेल्या एबोनाईटचा वास. तिची खुर्ची आडवी. लाईनमन मला बाजूला करत होता. त्यानंतर पाऊस आला, आठवडाभर न आलेला, आणि इतका जोरात की पत्र्यापुढे कुणाचंच बोलणं ऐकू येईना.

चार नंबरच्या खांबावर वीज पडली होती. शेडमध्ये टेलिफोनचं टेबल आणि त्याच्या शेजारची खोकी जळाली. गोळे पलीकडच्या भिंतीला होते. आग तिथे पोचण्याआधी पावसाने आणि फायर पार्टीने विझवली. माणसं सगळी मैदानात होती. भिजत, पण सगळी.

आयरिसला कॅन्टोन्मेंटच्या दफनभूमीत पुरलं. सलामी दिली. तिच्या आईने माझा हात धरला आणि विचारलं, “ती बोलत असायची का तुमच्याशी?” मी हो म्हटलं.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती कधी आयरिसला भेटली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती एकटीच टांगा करून नर्मदेच्या ग्वारीघाटावर गेली आणि पानांच्या द्रोणात दिवा सोडून आली. “त्यांच्यात चालते का नाही, मले माहीत नाही,” म्हणाली, “पण पोरगी तर आपल्या पोरीच्या बाजूला बसत होती.”

आज दफनभूमीत गेलं तर आयरिसच्या दगडावर नावाखाली ‘ऑन ड्यूटी’ असं कोरलेलं दिसेल. मी उन्हाळ्याच्या सुरुवातीला जाते, कधी आईही येते. गयाप्रसाद मिस्त्री पाटनला परत गेले, पण त्यांचा मुलगा झेंडूचा हार ठेवून जातो. ते दोन शब्द तिथे आपोआप आलेले नाहीत.

चौकशी पंधरवड्याने झाली. कर्नलसाहेब अध्यक्ष, बाजूला दोन अधिकारी, समोर एक रिकामी खुर्ची. साक्ष द्यायची ती खुर्चीमागे उभं राहून. आत जाण्यापूर्वी मॅडम मला म्हणाल्या, “विचारतील तेवढंच सांग. आपल्या मुलींकडे तसंही बोटं दाखवायला लोक टपले आहेत.” त्यांचं चूक नव्हतं. दल नवं होतं.

माझ्या आधी कॅप्टनसाहेबांची साक्ष झाली. मी दारातून ऐकली. सर्व शेडनी पहिल्याच घंटीला काम थांबवलं, असं ते म्हणाले. कॉर्पोरलने स्थायी हुकूम मोडून हेडसेट कानावर का ठेवला, ते सांगता येत नाही. मात्र लाईनवर खाजगी गप्पा मारण्याबद्दल तिला दोनदा तंबी मिळाली होती, एवढं त्यांनी जोडलं. आवाज शांत होता. हात पाठीमागे होते, आणि मला ते हातच दिसत होते. एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं होतं.

गयाप्रसादांना विचारलं, “पहिल्या घंटीला थांबलात?” त्यांनी कॅप्टनसाहेबांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “जी, साहब.” घरी त्यांची पाच मुलं होती. बाहेर पडताना ते माझ्याजवळ थांबले, हात जोडले आणि पुढे गेले. मला ते चांगलंच समजलं. तसं गप्प राहणं मी जन्मभर केलं होतं.

मग माझं नाव पुकारलं. मी खुर्चीमागे उभी राहिले. नाव, नंबर, ड्यूटी. थंडर कॉल किती वाजता आला. तुम्ही हेडसेट कुणाच्या हुकमाने काढला. मी उत्तरं दिली. सगळी उत्तरं एका ओळीची, बोर्डवरच्या वाक्यांसारखी. कर्नलसाहेब लिहीत होते. घामाने साडीचा पदर पाठीला चिकटला होता. खिडकीबाहेर आकाश कोरडं, पांढरं झालं होतं.

“आणखी काही सांगायचंय, प्रायव्हेट?”

हे विचारायची पद्धत असते. ‘नो, सर’ म्हणायचं, सलाम करायचा आणि वळायचं. कर्नलसाहेबांनी पेनाचं टोपण लावलंही होतं. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. कॅप्टनसाहेब खिडकीबाहेर. मला सहीचा कागद आठवला. चारची एकटी उरलेली कॉर्ड आठवली. मी खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली.

“येस, सर,” मी म्हणाले. “कॉर्पोरल आयरिस गप्पा मारत नव्हती. चार नंबरमधली माणसं बाहेर येईपर्यंत ती थांबली होती. त्यांना आत ठेवायचा हुकूम सकाळी माझ्या बोर्डवरून गेला, आणि तो मी ऐकला आहे. आपण टोपण काढा, सर. मला अजून बोलायचं आहे.”