हुडकेश्वरातला दुपारचा खेळ

नागपुरात हुडकेश्वरला आमच्या घरी तीन खोल्या आहेत आणि त्यातली एक थिएटर आहे. उरलेल्या दोन खोल्यांत आई, बाबा, माझी बायको ज्योती, गव्हाची कोठी, शिलाई मशीन आणि आले-गेले पाहुणे मावतात. मी मावत नाही, कारण मी मस्कतला असतो. तिथे एका शेठच्या घरी गाडी चालवतो. थिएटर मात्र मीच बसवलं, त्यामुळे पुढे जे झालं त्याचा दोष दुसऱ्या कुणाला देता येत नाही. (प्रयत्न करून पाहिला.)

मी आठवीतून शाळा सोडली. खरं म्हणजे शाळेनं आणि मी एकमेकांना सोडलं आणि दोघांनाही हलकं वाटलं. मग गाडी शिकलो, कळमेश्वरला एमआयडीसीत टेम्पो हाकला आणि एका ओळखीच्या माणसाच्या कृपेनं समुद्रापार आलो. शेठ फार भला माणूस. मी त्यांचा इतका आभारी आहे की ते नुसते शिंकले तरी मी गाडी सुरू करून ठेवतो. न जाणो, दवाखान्यात न्यावं लागलं तर!

दुपारी शेठ जेवून आडवे होतात तेवढा वेळ माझा. तेव्हा मी घरी व्हिडिओ कॉल करतो. आई बोलते. ज्योती बोलते. (आई शेजारीच बसलेली असते, म्हणून ज्योती फक्त भाजी कोणती केली ते सांगते.) आणि बाबा बोलत नाहीत.

बाबांची सारी हयात गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानात गेली. गादीवर बसायचं, ठाण उलगडायचं आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाहून बोलायचं. डोळ्यांत पाहता येत नसेल तर बोलायचं कशाला, हा त्यांचा हिशेब. त्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. ज्योती फोन त्यांच्या नाकासमोर धरायची.

"बाबा, बोला ना जी."

"कोनाशी बोलू? चिमणीएवढा मानूस दिसून राहिला."

"बाबा, मी हावो, गजू," मी इकडून ओरडायचो.

"आवाज तर त्याचाच हाय. बरा हायेस ना? बस मग."

झालं. एका सुट्टीपासून दुसऱ्या सुट्टीपर्यंत बाबा माझ्याशी एवढंच बोलले. माझा स्वभाव काळजीचा. फोन ठेवला की मी विचार करत बसायचो: 'बस मग' जरा तुटक होतं का? रागावले का? तब्येत लपवताहेत का? देवाकडे माझं एकच मागणं होतं. बाबांनी मला धड पाहावं आणि 'बस मग'च्या पुढे काहीतरी बोलावं.

शेठच्या बंगल्यात सिनेमा पाहायची वेगळी खोली आहे. तिथले पडदे झटकायला मी जायचो. आत भुयारासारखा अंधार आणि समोर भिंतभर चित्र. माणसाच्या कानातले केससुद्धा दिसतात. मला वाटलं, मी जर एवढा मोठा दिसलो तर बाबांना बोलावंच लागेल. एवढ्या मोठ्या माणसाला कुणी 'बस मग' कसं म्हणेल?

आणि नशीब पाहा, शेठनी नवीन प्रोजेक्टर घेतला आणि जुना मला दिला. "ले जा गजानन, घरवालों को पिक्चर दिखाना." मी आधी शेठच्या पाया पडलो आणि गडबडीत मशीनच्याही.

सुट्टीवर येताना नागपूरच्या विमानतळावर कस्टमवाल्यांना काय उत्तर द्यायचं ते मी विमानात घोकत होतो. गणवेशातल्या साहेबानं माझ्याकडे पाहिलंही नाही. तो गेला तसा मीच त्याच्या मागे गेलो आणि म्हणालो, "साहेब, जुना आहे."

"कोण?"

"मशीन."

मग त्यानं पेटी उघडली. मला घरी पोचायला त्यामुळे बराच उशीर झाला.

खोली निवडायला वेळ लागला नाही. मे महिना होता. मे महिन्यात नागपुरात ज्या खोलीत कूलर, तेच घर. बाकीच्या खोल्या म्हणजे नुसती गोदामं. तर कूलरची खोलीच थिएटर. फोन दुपारी करायचा आणि मेमधली दुपार म्हणजे बाहेर डोळे उघडवत नाहीत. तेव्हा खिडक्यांना जाड काळे पडदे आणि भिंतीवर पांढरा पडदा पाहिजे, असं मी जाहीर केलं.

कापड म्हटल्यावर बाबा उठून बसले.

"काळा कपडा घरात नाही लावत. सुतक हाय काय?"

"बाबा, अंधार पाहिजे."

"अंधार मी आनून देतो."

ते स्वतः गांधीबागेत गेले आणि जुन्या ओळखीवर जांभळ्या मखमलीचा तुकडा घेऊन आले, वर सोनेरी जर. खिडक्यांना लावल्यावर आमची खोली आतून एखाद्या महागड्या पेटीसारखी दिसायला लागली. पांढऱ्या पडद्यासाठी मोठ्या पन्ह्याचं मांजरपाट आणलं. "जोड नाही कुठे. पाहून घे, हात लावून पाहून घे." मी हात लावून पाहिलं. बाबा माझ्याशी कापडावर जेवणाची वेळ होईपर्यंत बोलत होते आणि मला इतकं बरं वाटलं की एकदा मनात आलं, आता प्रोजेक्टर कशाला लावायचा?

पण लावला. खळ जावी म्हणून ज्योतीनं ते मांजरपाट धुतलं आणि मी गच्चीवर खाटेवर पसरून, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवून खाली आलो. जेवलो. डोळा लागला. उठून वर गेलो तर माझ्या पडद्यावर मुंगवड्या वाळत होत्या. हळद-तिखट घातलेल्या. इकडच्या कोपऱ्यापासून तिकडच्या कोपऱ्यापर्यंत, शाळेच्या प्रार्थनेला पोरं उभी असतात तशा रांगेत.

"आई, हे काय केलं वं?"

"काय केलं? वड्या टाकल्या. तू जाशीन तर घेऊन जाशीन ना."

"अवं पण तो पडदा होता."

"मग एवढं पांढरं फडकं, धुतलेलं, विटा ठेवून, उन्हात काहून ठेवलं? मले वाटलं, पोराले आईची कदर आली."

आमच्या घरी मे महिन्यात गच्चीवर पसरलेलं स्वच्छ कापड म्हणजे आमंत्रणच असतं. मी बाहेर राहून ते विसरलो, चूक माझी. वड्या निघाल्या, ठिपके निघाले नाहीत. ज्योतीनं साबण लावला तसा पिवळ्या ठिपक्यांचा रंग लाल झाला. पुन्हा उन्हात टाकलं तर थोडे फिके पडले, एवढंच. बाबा म्हणाले, "डिझाइन समजून घे."

पहिला खेळ आमच्या लग्नाच्या व्हिडिओचा ठरला. आईनं शेजारच्या डोंगरेकाकूंना बोलावलं होतं. काकू स्वतःची खुर्ची आणि स्वतःचं पाणी घेऊन आल्या. मशीनची पूजा झाल्याशिवाय आमच्याकडे मिक्सरसुद्धा चालत नाही. आईनं ओवाळलं, अक्षता टाकल्या आणि मशीनच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं. प्रोजेक्टरचं कपाळ कोणतं? समोर मधोमध जी गोल काच चमकते ते. दुसरं कोणतं असणार!

बटण दाबलं. आमचं लग्न रक्तबंबाळ निघालं.

मी काच पुसली. कुंकू सगळीकडे सारखं पसरलं. मग ज्योतीनं ओल्या फडक्यानं निगुतीनं पुसलं आणि चित्र स्वच्छ झालं. म्हणजे नवरदेवाच्या तोंडावर कांजण्या होत्या, पण ओळखू येत होता. इतक्यात कुणीतरी कूलर सुरू केला. वारा पडद्यात शिरला. मंगलाष्टकं चालू असतानाच नवरीचं पोट पुढे आलं, चांगलं टरारून आलं आणि हळूहळू ओसरलं.

डोंगरेकाकू म्हणाल्या, "बाप्पा! एवढी घाई होती काय गा?"

ज्योती उठून स्वयंपाकघरात गेली ती बाहेर आली नाही.

आता कूलरचा एक नियम नागपुरात लहान लेकरालाही ठाऊक असतो: समोरची खिडकी उघडी ठेवा. आमची समोरची खिडकी मखमलीत गुंडाळलेली. मंगळसूत्र घालेपर्यंत खोलीत धोब्याच्या घरासारखी दमट हवा झाली. वऱ्हाडी पडद्यावर घामाघूम आणि आम्ही पडद्याबाहेर. काकूंची खुर्ची चिकटली, म्हणजे काकू खुर्चीला चिकटल्या.

मी बाबांकडे पाहत होतो. ते उठून पडद्याजवळ गेले, माझ्या शेरवानीवर हात फिरवला.

"हे कापड मी देल्लं होतं. अजून पोत पाहा कसा हाय."

"बाबा, मी दिसून राहिलो ना?"

"कपडा दिसून राहिला," बाबा म्हणाले आणि दार उघडून वाऱ्याला जाऊन बसले.

सुट्टी संपली. ज्योतीला फोन मशीनला जोडायला शिकवून, तिच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेऊन मी निघालो. बाबांना म्हटलं, आता मी फोन केला की भिंतीवर पाहा. बाबा म्हणाले, "पाहू." या 'पाहू'चा अर्थ काय असेल, याचा विचार मी मस्कतपर्यंत केला.

पहिल्या दुपारी मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि फोन लावला. पडदा हलू नये म्हणून त्यांनी कूलर बंद केला होता, हे मला नंतर कळलं. मेच्या दुपारी, नागपुरात, मखमल ओढून, कूलर बंद करून माझ्यासाठी बसलेले.

"दिसला वं, दिसला!" आईचा आवाज आला. "केवढा थोरला दिसून राहिला!"

आणि मग बाबा बोलले.

"दुबळा झाला गा तू."

"नाही बाबा."

"काय नाही? गाल आत गेले. आन् मनगटाले काय झालं? भाजलं काय?"

गाडीच्या बॉनेटला लागलं होतं. मी आजवर कधी सांगितलं नव्हतं. चिमणीएवढा होतो तोवर कुणाला दिसलंही नव्हतं.

"मांगं दोरीवर कपडे कोनाचे? पंखा एकच हाय काय तिथं? तो कोन झोपला?"

तो लल्लन. बिहारचा, शेठकडे स्वयंपाकी आहे, माझ्याच खोलीत राहतो. बाबांनी त्याची चौकशी केली, माझ्या उशीची केली, शर्टाचं कापड कुठलं ते विचारलं आणि हलकं आहे, घेऊ नको म्हणाले. खूप बोलले. सगळ्या वर्षांचं बोलले. मी नुसतं हो हो करत होतो. आणि डोळे पुसून फोनकडे नीट पाहिलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला काहीच दिसत नाही.

काळा चौकोन. कोपऱ्यात माझं स्वतःचं तोंड. बाकी अंधार, तोही मीच सांगून करवलेला, उत्तम प्रतीचा.

"बाबा, मला तुम्ही दिसत नाही. जरा लाइट लावा."

"लाइट लावला का तू पुसून जातं," बाबा म्हणाले. "राहू दे. मले तू दिसून राहिला ना? बस मग."

तेव्हापासून रोज दुपारी असंच चालतं. ते तिकडे मला पाहतात, मी इकडे अंधाराला सांगतो की जेवलो, औषध लावलं, उशी बदलली. अंधार खोकला की मी ओळखतो, हे बाबा. बांगडी वाजली की ज्योती. खुर्ची ओढल्याचा आवाज आला तर डोंगरेकाकू. खेळ संपवून पडदे उघडेपर्यंत इकडे शेठ जागे होतात आणि मला गाडी काढावी लागते.

शेवटी मी ज्योतीला म्हटलं, तुम्ही सगळे मला पाहत बसता ना, तेव्हाचा एक फोटो आईच्या फोनवरून काढून पाठव. तिनं लगेच पाठवला. खेळ चालू असतानाच काढला होता, त्यामुळे फोटो पूर्ण काळा आला.

मी तो जपून ठेवला आहे. परवा लल्लनलाही दाखवला. बोट ठेवून सांगितलं, ये मेरी माँ, ये घरवाली, और ये बीच में पिताजी. लल्लननं फोन हातात घेतला, फोटो नीट न्याहाळला, एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "पिताजी तो बिल्कुल आप जैसे दिखते हैं."

मला फार भरून आलं. मी त्याचे मनापासून आभार मानले. तो काय बोलला ते कळेपर्यंत त्याचं जेवण होऊन भांडीही घासून झाली होती.