पंधरा ऑगस्टची जागा

मेलेली माणसं कुठे जातात हे आमच्या मामेसासऱ्यांना जितकं नक्की ठाऊक होतं, तितकं काशीहून शिकून आलेल्या शास्त्रीबुवांनाही ठाऊक नसावं. त्यांच्या मते मेलेली माणसं वर जात नाहीत, खाली जात नाहीत आणि पिंपळावर तर मुळीच जात नाहीत. ती तारखेत जातात. प्रत्येक तारीख म्हणजे स्टेशनावरचा मुसाफिरखाना. ज्या तारखेला माणूस जातो, त्या तारखेच्या बाकावर तो जाऊन बसतो. वर्षभराने तारीख फिरून आली की तिच्यातली मंडळी दिवसभर आपल्या आसपास बसलेली असतात. आपल्याला दिसत नाहीत इतकंच. मी वर्ध्याहून लग्न होऊन सालेकशाला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी अंगण झाडत होते, तर मामेसासरे ओट्यावरून मला म्हणाले, "सूनबाई, आज जरा हळू झाडा. गर्दी आहे." मी मागे वळून पाहिलं. अंगणात एक कोंबडी होती. मी त्या दिवशी हळूच झाडलं, आणि खोटं कशाला सांगू, पुढे कित्येक वर्षं हळूच झाडत आले.

आमचे हे तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे मुनीम होते. त्यांना सख्खं असं मामांखेरीज कुणी नव्हतं, म्हणून मामा आमच्याकडेच राहायचे. हे त्यांना मामा म्हणत, मी आमच्याकडच्या रीतीने मामाजी म्हणायची आणि सारा गाव त्यांना बाबूजी म्हणायचा. कारण नोकरी होती तोवर ते रेल्वेचे तारबाबू होते. आयुष्य तारयंत्रापुढे गेलेलं. या टापूत कुणाच्या घरी मुलगा झाला, कुणाचा म्हातारा गेला, कुणाची सून माहेरी दगावली, ते सगळं आधी त्यांच्या कानात कडकट्ट करत शिरायचं आणि मग त्या घरी पोचायचं. कुणाच्या दारात पाऊल ठेवण्याआधीच त्या घरातलं रडं त्यांना ठाऊक असायचं. अशा माणसाचं डोकं ठिकाणावर राहिलं तेच नवल. डोकं राहिलं, पण सगळ्या तारखा त्यात भरून राहिल्या.

सकाळी चहा झाला की मामाजी 'दिवस उघडायचे'. म्हणजे ओट्यावर बसून त्या तारखेला जगात कोण आलं आणि कोण गेलं ते सांगायचे. त्यांच्या या दरबारात लहानथोर असा भेद नव्हता. कुठल्याशा देशाचा राजा आणि आमच्या शेजारच्या पाटलाची म्हैस एकाच तारखेला गेली असेल, तर दोघांना शेजारी बसवायचे, आणि म्हशीचं नाव आधी घ्यायचे, कारण ती ओळखीची. ऐकणारे हसत. पण एखाद्या सकाळी तुमच्या दारावरून जाता जाता "आज तुमच्या आजीचा दिवस आहे जी, पाट मांडून ठेवा," असं ते सहज म्हणून जात, तेव्हा हसू जिथल्या तिथे राहायचं. मग दिवसभर त्या घरातलं कुणी त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसत नसे.

एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण आमच्या भागात जन्मतारीख नावाची वस्तूच नव्हती. "मोहाले फूल नोहोतं आलं, थ्या साली झाला," किंवा "वाघानं बैल नेला त्याच्या दुसऱ्या दिवशी," अशा जन्मतारखा. पोरगं शाळेत घालायची वेळ आली की मास्तर सरळ एक जुलै लिहून मोकळे व्हायचे. आमच्याकडे एक जुलैला इतकी माणसं जन्मली आहेत की त्या एका दिवसाला दाया कशा पुरल्या, हा प्रश्न मला आजही पडतो. आमचे हेही एक जुलैचेच. मामाजींना हा सरसकट अन्याय सहन झाला नाही. ते शाळेत जाऊन बसू लागले, आणि येईल त्या पोराला नीट तोंड पाहून तारीख द्यायला लागले. तारीख कुठली, तर ज्या तारखेला गावातलं कुणी गेलं आणि नवं कुणी आलं नाही ती. "एक उठला, त्याच्या जागेवर एक बसला. हिशेब बरोबर," असं ते म्हणत. जागा दिली की आधीचा पुढच्या गाडीने कायमचा निघून जातो, अशी त्यांची खात्री होती. म्हणजे असं झालं, की अर्ध्या गावाची पोरं मेलेल्यांच्या तारखा घेऊन फिरू लागली.

आणि त्या तारखा पोरांना लागू लागल्या. लागल्या म्हणजे काय ते मलाही नीट सांगता येणार नाही. मासे धरताना तळ्यात बुडालेल्या ढिवराची तारीख एका पोवार शेतकऱ्याच्या मुलाला मिळाली. तोवर बदकासारखं पाण्यात असणारं ते पोर त्या आठवड्यापासून तळ्याकडे फिरकेना. आई मामाजींकडे आली, "बाबूजी, पोरगं आंघोय करून नाही राहिलं जी. दुसरा दिवस द्या ना!" मामाजी गंभीरपणे म्हणाले, "दिलेला दिवस परत घेता येत नाही, बाई. गरम पाणी देऊन पाहा." गावातली म्हातारी सुईण वारली, तिची तारीख एका गोंडाच्या लहानग्या मुलीला मिळाली. ती सहा वर्षांची चिमुरडी बायकांच्या तोंडाकडे टक लावून बघायची आणि "पोरगा," नाहीतर "पोरगी," असं सांगायची. चुकल्याचं मी ऐकलं नाही. बायका तिला गूळ देत आणि तिच्यासमोरून पदर सावरून भराभरा जात.

फक्त एक तारीख मामाजी कुणाला देत नसत. पंधरा ऑगस्ट. आणि नेमकी तीच सगळ्यांना हवी असे. स्वातंत्र्य मिळाल्यापासून प्रत्येक बापाला वाटायचं, आपला पोरगा झेंड्याच्या दिवशी जन्मला असं लागावं. "माह्या पोराले पंधरा ऑगस्ट द्या ना जी, काऊन नाही देत?" म्हणून लोक धानाची पोती दाखवायचे. मामाजींचं एकच उत्तर, "तो दिवस भरला." मग ते कोण कोण आहे ते सांगायचे. फ्रान्सचा तो बुटका बादशहा त्याच दिवशी जन्मला. पनामाचा कालवा त्याच दिवशी उघडला. जपानने लढाई सोडली ती त्याच दिवशी. आणि आपलं स्वातंत्र्य. "एवढ्या गर्दीत तुझं पोरगं कुठं बसवू?" माणूस बिचारा बादशहाला भिऊन परत जायचा.

पन्नास सालचा पंधरा ऑगस्ट मी विसरणार नाही. झेंडावंदन झालं, लाडू वाटून झाले, दिवेलागण उलटून गेली. मामाजी ओट्यावर बसले होते. एकाएकी ते वाकले आणि जमिनीवर तळहात टेकवून बसले, एखाद्याचा ताप पाहावा तसे. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "कुठंतरी पुष्कळ लोक एकदम उठून राहिले." मला काही जाणवलं नाही. आमचा कंदीलसुद्धा हलला नाही. नंतर गाडीने नागपूरचा पेपर आला, त्यात आसामच्या भूकंपाची बातमी होती. त्याच संध्याकाळची, त्याच सुमाराची. हे पेपर घेऊन धावत घरी आले, मला वाटलं मामाजी आता मिशीला पीळ देतील. त्यांनी पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाले, "जागा कमी पडली असेल." त्या रात्री मी ह्यांना कंदील मालवू दिला नाही.

तेव्हाच ह्यांनी मला खरी गोष्ट सांगितली. बादशहा वगैरे सगळं निमित्त. सत्तेचाळीसच्या पंधरा ऑगस्टला मामी माहेरी होती, आमगावच्या पलीकडे, आणि तापाने पडली होती. इकडे तारयंत्र सकाळपासून थांबायला तयार नव्हतं. हा त्याला शुभेच्छा, तो ह्याला शुभेच्छा. तार घेणाऱ्याचा कान ऐकतो आणि हात लिहितो, मधे डोकं येत नाही. तसं आलं तर तार चुकते. त्या शुभेच्छांच्या रांगेत एक तार मामी गेल्याची होती. मामाजींनी ती सुबक अक्षरात लिहून घेतली, मिळाल्याची खूण पाठवली आणि पुढची घ्यायला लागले. दुपारी वाटपासाठी घड्या घालताना त्यांनी वरचा पत्ता वाचला. तो त्यांचाच होता.

तेव्हा मला कळलं की मामाजींनी त्या दिवसाच्या बाकावर रुमाल टाकून ठेवला होता. तारीख दिली की मामी जाणार. देईपर्यंत ती वर्षातून एक दिवस तरी होती. दर पंधरा ऑगस्टला संध्याकाळी ते जेवायच्या आधी ओट्यावरच्या सागवानी चौरंगावर नखाने कडकट्ट करत बसायचे, मग थांबून ऐकत राहायचे. ताट वाढून निवून जायचं.

आणि माझं नशीब बघा, मला दिवस राहिले, आणि दाईने हिशेब घातला तो ऑगस्टच्या मध्यावर आला. ती सुईणीच्या तारखेची पोरगी एकदा अंगणात आली, माझ्याकडे बघत उभी राहिली. मी गूळ पुढे केला. तिने घेतला नाही. "पोरगी," म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "पण थे नवी नोहोय." मी हातातला गूळ तसाच कोंबडीला टाकला. पुढचे दोन महिने मी कुठल्याच देवाला नवस बोलायचं बाकी ठेवलं नाही. माझी पोर माझी असावी, कुणाची जागा धरायला आलेली नसावी, एवढंच माझं मागणं होतं.

चौपन्न सालच्या पंधरा ऑगस्टला, झेंडा वर चढायच्या वेळेला, मला मुलगी झाली. दाई बाहेर सांगायला गेली. मी आतून ऐकत होते. मामाजींनी विचारलं, "आई बरी आहे ना?" ती म्हणाली, "दोघीबी चांगल्या आहेत जी."  शाळेकडून पोरांचं गाणं ऐकू येत होतं. मग मामाजींचा आवाज आला, "सोळा तारीख." बाहेर ऊन होतं, लाडू अजून वाटायचे होते, आणि आमच्या घरात सोळा तारीख उजाडली होती! हे 'हो मामा' म्हणाले. हे कशालाही 'हो मामा' म्हणत. मला असा संताप आला की उठता येत असतं तर बाहेर जाऊन भांडले असते. कळा मी सोसल्या, आणि दिवस मामाजींनी पळवला! पण सुनेने बोलायचं नाही असे ते दिवस. मुलीचा वाढदिवस आम्ही सोळाला करू लागलो. मामाजी तिला जीव लावायचे, तिच्यासाठी गोंदियाहून फुगे आणायचे, पण पंधराला तिच्याकडे बघत नसत. त्या एका दिवशी ती ओट्यावर गेली की ते दुसरीकडे तोंड करून बसत. मग मी काहीतरी खाऊचं निमित्त काढून तिला आत बोलावून घ्यायची, त्यांच्यासाठीही आणि तिच्यासाठीही.

मुलगी पाच वर्षांची झाली तो पंधरा ऑगस्ट. संध्याकाळ. मी चुलीपाशी होते, लाखोळीच्या डाळीचं वरण उकळत होतं. ओट्यावर मामाजींचं नख वाजलं आणि थांबलं. नेहमीसारखी ती शांतता सुरू झाली. मुलगी माझ्याजवळ खेळत होती. तिने पळी उचलली, उठून दारापाशी गेली आणि चौकटीवर वाजवली. दोनदा. जरा थांबली. मग एकदा. आणि परत येऊन खेळायला बसली.

बाहेरून "आलो, आलो," असा आवाज आला. तसा आवाज मी मामाजींचा कधी ऐकला नव्हता, तरण्या माणसाचा वाटला. ते आत आले, हात धुतले आणि पानावर बसले. मी वाढत गेले आणि ते जेवत गेले. ताक पिऊन झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "पोरीला तुम्ही शिकवलं, सूनबाई?" मी म्हटलं, काय? म्हणाले, "तुमची मामीसासू क्वार्टरातून मला अशीच जेवायला बोलवायची. दारावर पळीनं. दोन, मग एक. मोठ्यानं हाक मारायला लाजायची." हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ह्यांनाही नाही. "पंधरा ऑगस्टलाच जेवायचा राहिलो होतो मी," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मीही पदर तोंडात धरून रडले. मुलगी वरणात भात कालवत होती. पोरं काहीही वाजवत असतात, असं मी स्वतःला सांगते. अजूनही सांगते.

पुढच्या साली, महाराष्ट्र झाला त्याच वर्षी, तिला शाळेत घातलं. मास्तरांनी विचारलं, "बाबूजी, सोळा ऑगस्टच ना?" मामाजी म्हणाले, "पंधरा लिहा." मास्तरांनी टाक वर धरला. "थो दिवस तं भरला होता ना जी?" मामाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "होता. आता जागा आहे."

त्यानंतर त्यांनी दिवस उघडायचं सोडलं. चौरंगावर नख वाजलं नाही. सारं पंचांग ज्याच्या डोक्यात भरलेलं, तो माणूस सकाळी मला विचारू लागला, "सूनबाई, आज वार कोणता जी?" आणि मी सांगितलं की लहान मुलासारखे "बरं" म्हणायचे. आसपासच्या मंडळींना लागू नये म्हणून मी जरा हळूच झाडत होते, ते पाहून म्हणायचे, "झाडा, झाडा चांगलं. कोणी नाही." मला ते अंगण फार रिकामं वाटायचं.

मामाजी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्यामागे लोक पोरांच्या तारखा विचारायला माझ्याकडे येऊ लागले, आणि मीही तोंड पाहून देत गेले. मुसाफिरखाना, गाडी, यांतलं मी काही मानत नाही. पण मामाजी ज्या तारखेला गेले, ती तारीख मी अजून कुणाला दिलेली नाही. कुणी मागितलीच तर सांगते, तो दिवस भरला. आणि त्या संध्याकाळी दारावर पळी वाजवते. दोन, मग एक.