रामीबाईचं विरजण

घाटंजीजवळच्या तांड्यावर लेकराला हगवण लागली, की आया ते कडेवर मारून आधी रामीबाईच्या दाराशी यायच्या. दवाखाना नंतर. रामीबाई ज्वारीच्या पिठाची पातळ पेज करी, निववून मडक्यात ओती, सकाळी ती आंबून तयार. चिमूटभर मीठ घालून घोट घोट पाजायची. सगळीच लेकरं वाचत असं नाही, पण पुष्कळ उठून खेळायला लागत, आणि रामीबाईला त्याचा भारी तोरा होता.

ही आंबील ती कोणालाही पाजी, पण आपल्याच उंबऱ्यात बसवून. तांब्याभर घरी न्यायला मागितली की साफ नाही म्हणे. मडक्याच्या तळाशी ओंजळभर जुनी आंबील विरजण म्हणून राखलेली असायची. ती सासूकडून आलेली. ते विरजण वाटलं की हातचा गुण जातो, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. शेजारची हंसाबाई वाटी घेऊन किती वेळा आली आणि रिकामी गेली, त्याला गणतीच नाही.

एकसष्टच्या उन्हाळ्यात देवीची लस टोचायला घाटंजीच्या दवाखान्यातले डॉक्टर तांड्यावर आले. त्यांनी आंबील चाखली, पुन्हा मागून घेतली. म्हणाले, "बाई, यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. ते पोटात जागा धरून बसतात, आंबटपणा करतात. मग रोगाच्या जंतूंना पाय रोवायला अवघड जातं. हे विरजण चार घरी द्या. दिल्यानं कमी होत नाही, पेज मिळाली की पुन्हा वाढतं."

रामीबाई हसली. "मंग माह्या दारी कोन येईन, डाक्टरसाहेब?"

त्याच श्रावणात तिचा नवरा लखीराम तापाने गेला. तिसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे घरातली सगळी मातीची भांडी बाहेर काढून फोडायची. आंबिलीच्या मडक्याला तिने दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही. वाटीभर काढून ठेवावं, असं क्षणभर मनात आलं. पण मेलेल्या माणसाच्या घरातलं अन्न राखलं तर त्याचा जीव घरात अडकतो, असं ती मानायची. लखीरामला तिने अडकवलं नाही. मडकं दगडावर आपटलं.

लेक धनीबाई बापाच्या दुःखाला आली होती. तिच्याबरोबर तिची तीन वर्षांची पोर रुपी. पाचव्या दिवशी रुपीला हगवण लागली आणि रामीबाईच्या तोंडचं पाणी पळालं. तिने नवी पेज लावली. पावसाळी गारठ्यात ती आंबेचना, दुसऱ्या दिवशी नुसती घाण वास मारू लागली. ताक घालावं तर गुरांना लागलेल्या खुरकुतीने तांड्यावरचं दुभतं आटलेलं. विरजणासाठी ती दारोदार फिरली. नवऱ्याच्या सुतकातली बाई, तरी फिरली.

हंसाबाईने रिकामे हात दाखवले आणि रडू लागली. "मले येक वाटी देली असती तं आज माह्या घरी राह्यली असती ना वं."

हगवणीच्या तिसऱ्या दिवशी बैलगाडीत घालून रुपीला घाटंजीला न्यायला निघाले. पोरीने वाटेत दोनदा पाणी मागितलं. तिसऱ्यांदा मागितलं नाही.

सुतकाचे दिवस सरल्यावर रामीबाई पायी दवाखान्यात गेली. "आंबील असती तं वाचली असती काय?"

डॉक्टरांनी तिला बाकावर बसवलं. "सांगता येत नाही, बाई. पोटात पाणी टिकलं असतं तर... कदाचित."

वाचली असती म्हणाले असते तर ती छाती बडवून मोकळी झाली असती. नसती वाचली म्हणाले असते तर झोपली असती. त्या एका शब्दाने तिचं जगणं खाऊन टाकलं.

पुढे बाजारातल्या गवळणीकडून ताक आणून तिने नवं मडकं लावलं. पहिली चव कधी आली नाही. तरी तांड्यावरच्या प्रत्येक घरी ती स्वतः विरजण देऊन आली, हंसाबाईकडे सगळ्यांत आधी.

दोन वर्षांनी धनीबाईला मूल झाल्याचं कळलं. रामीबाई विरजणाचं मडकं मांडीवर धरून एसटीने मारेगावपर्यंत गेली, तिथून लेकीच्या गावी चालत. धनीबाई दारात आली. रुपी गेल्यापासून तिने माहेरी पाऊल टाकलं नव्हतं.

"कसं लावाचं सांग," ती म्हणाली.

रामीबाईने सांगितलं. पेज किती निववायची, तळाशी किती ठेवायचं, सारं. धनीबाईने नीट ऐकून घेतलं, मडकं आत नेऊन ठेवलं आणि पुन्हा दारात येऊन उभी राहिली. आतून लेकरू रडत होतं. "ये" म्हणाली नाही. "याडी" अशी आईला हाकही मारली नाही.

रामीबाईने नातवाचं तोंड पाहिलं नाही. शेवटची एसटी चुकेल म्हणून ती लगबगीने निघाली.