मळखाऊ रंगाची पर्स

माझ्या नातीला सातव्या वर्षी मधुमेह झाला, तेव्हा घरी येणाऱ्या बायकांची मला जेवढी किळस आली तेवढी आयुष्यात कशाची आली नव्हती. आणि मी काही नाजूक बाई नाही. चौदा बिऱ्हाडांना दोन संडास असलेल्या चाळीत तीस वर्षं काढली आहेत.

बायका यायच्या, चहा प्यायच्या आणि पोरगी समोर बसलेली असताना तिच्याकडे बघून च् च् करायच्या. एवढ्याशा जिवाला सुया, असं म्हणत दुसरं बिस्किट उचलायच्या. आमच्याच इमारतीतल्या एकीने हिच्या लग्नाचं कसं व्हायचं, असं विचारलं. पोरगी दुसरीत, पुढचे दोन दात पडलेले. मी म्हटलं, "तुमचं झालंच की."

नणंद लोणी काळभोरहून अंगाऱ्याची पुडी घेऊन आली. "लावून तर बघ वहिनी, त्यात काय जातंय?"

मी म्हटलं, "तुझ्या बापाने घरातले देव नदीत सोडले, ते तू राख आणावीस म्हणून नाही." पुडी मोरीत झटकली. नणंद रुसली नाही. जेवून, वर डबा भरून घेऊन गेली.

नातीच्या आजाराचं मला मुलाने दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा मीच डॉक्टरांना विचारलं. साखर वाढते त्यावर इन्सुलिन आहे, ते दिवसातून चार वेळा टोचायचं. पण कधीकधी साखर एकदम उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, पोर असंबद्ध बोलायला लागते. तेव्हा ताबडतोब काहीतरी गोड पोटात गेलं पाहिजे, नाहीतर शुद्ध जाते. म्हणजे लिमलेटच्या गोळ्या आणि ग्लुकोजची पुडी सदैव अंगावर हवी. दप्तरात ठेवून उपयोग नाही. शाळेत दप्तर दुसऱ्या मजल्यावर आणि पोरगी मैदानात. गणवेशाच्या फ्रॉकला खिसा नाही. मुलींच्या कपड्यांना खिसा न ठेवणाऱ्या माणसाला मी एकदा बघणार आहे.

मुलाने फोनवरून मागवलेला गोळ्या ठेवायचा पट्टा आला. काळा, कमरेला बांधायचा, वर लाल फुली. पोरांनी हिला विचारलं, तुला काय झालंय. दुसऱ्या दिवशी तो पट्टा चपलांच्या कपाटामागे सापडला. वर्गाच्या बाईंनी सांगितलं होतं की साधी छोटी पर्स गळ्यात अडकवली तर शाळेची हरकत नाही. मी म्हटलं, मी विणते.

क्रोशा मी चौथीनंतर शिकले. शाळा सुटली होती. सायकलच्या चाकाची तार दगडावर घासून तिचा आकडा केला होता. ती सुई अजून माझ्याकडे आहे.

दोऱ्यासाठी बोहरी आळीत गेले. आता सगळीकडे ती चकचकीत लोकर. सुईवर करकरते, हाताला घाम आणते आणि चार दिवसांत तिच्यावर कुत्र्याच्या अंगासारख्या गुठळ्या येतात. दुकानदार म्हणाला, आजी, हल्ली हीच चालते. मी म्हटलं, चालू दे, मी नाही चालवत. शेवटी बारीक पांढरा सुती दोरा मिळाला. नातीने कोणता रंग हवा ते सांगितलं होतं. मला आठवत नाही. म्हणजे मी ऐकलंच नव्हतं.

अठरा दिवस लागले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. तळ घट्ट मुक्या खांबांचा, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या आखूड टाक्यांचा केला, वर शिंपल्यांची नक्षी घातली, तीन वेळा उसवली. आतून जुन्या साटीनचं अस्तर लावलं, वर मोत्याचं बटण. सुनेने फोटो काढून सगळ्यांना पाठवला. च् च् करणाऱ्या त्याच बायका आता विचारू लागल्या, आमच्या नातीला पण करून द्याल का. मला ते आवडलं. सांगायला लाज वाटते, पण आवडलं.

आत गोळ्या भरून मी पर्स पोरीच्या गळ्यात घातली आणि म्हटलं, "मळवू नकोस हं. पुन्हा एवढं माझ्याने होणार नाही."

आठवड्याने शाळेतून फोन आला. गॅदरिंगच्या नाचाची तालीम मैदानावर चालली होती, तिथे ही खाली बसली आणि उठेना. सून घरून काम करते. तिने तसाच संगणक उघडा टाकला आणि आम्ही दोघी रिक्षाने गेलो. नात शिपायांच्या खोलीत बाकावर बसली होती, केस घामाने कपाळाला चिकटलेले. शाळेतल्या मावशींनी आपल्या चहाच्या डब्यातली साखर तिला चारली होती. ओठांना अजून साखर चिकटलेली होती. नाचाच्या बाई लांब उभ्या राहून म्हणत होत्या की आम्हाला कल्पना द्यायला हवी होती. कल्पना डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट त्यांच्या कार्यालयात पडून होती, हे सुनेने त्यांना शांतपणे सांगितलं. मला तेवढं शांतपणे जमलं नसतं.

मी नातीला विचारलं, "पर्स कुठाय?"

"घरी. कपाटात."

"का?"

"खाली मातीत बसायचं होतं ना. मळली असती." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तूच म्हणालीस."

सूनही तिथेच उभी होती. ती माझ्याकडे न बघता पोरीचे ओठ पुसायला लागली, म्हणून मी समजले की तिला माहीत होतं. रोज संध्याकाळी पोरगी पर्स घडी करून आईकडे द्यायची, आई ती ठेवणीतल्या कपड्यांत ठेवायची. सकाळी घाई. कधी गळ्यात जायची, कधी नाही.

घरी येऊन मी कपाट उघडलं. लग्नाकार्याला घालायच्या फ्रॉकच्या खाली पर्स होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला गाठ. पिशवीला लागून डांबराच्या दोन गोळ्या. त्या मीच ठेवल्या होत्या, कपाटाच्या प्रत्येक कप्प्यात मीच ठेवते. पर्सचं बटण काढलं आणि ग्लुकोजची पुडी नाकाशी नेली. डांबराचा वास. लिमलेटच्या गोळ्यांना डांबराचा वास. पोरीचा जीव वाचवायचा ते सामान मी प्रेताच्या खोलीसारखं घमघमवून ठेवलं होतं.

सून दारात येऊन म्हणाली, "आई, माझं चुकलं."

मी म्हटलं, "तू मध्ये पडू नकोस. हे माझं आहे."

मग मी माझी ट्रंक काढली. लग्नाच्या आधी विणलेला टेबलक्लॉथ तिच्यात आहे. आमच्याकडे तेव्हा टेबल नव्हतं. पुढे टेबल आलं तेव्हा त्यावर मेणकापड घातलं, कारण टेबलक्लॉथ खराब झाला असता. उलगडला तर घड्या पिवळ्या पडलेल्या, मधोमध कसरीने खाल्लेलं भोक, त्यात झुरळाची लेंडी. एकदाही त्यावर कोणी जेवलं नाही. बाई म्हणून मी एवढीच हुशार. त्याच ट्रंकेतली अक्कल मी पोरीला दिली होती.

टेबलक्लॉथ फाडून फरशी पुसायला घेतला. पाणीही नीट शोषत नव्हता.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून नायलॉनचा जाड दोरा आणला. रंग मातीसारखा, म्हणजे ज्याला आमच्याकडे मळखाऊ म्हणतात तो. नक्षी नाही, मोती नाही, नुसते मुके खांब. बंद रुंद, आडवा घालायचा, पोरीच्या मापाचा. दोन दिवसांत झाली. वाळकं कारलं जसं दिसेल तशी झाली.

नात बघून म्हणाली, "शी, आजी. घाणेरडी आहे."

"आहेच. हिला कपाटात जागा मिळणार नाही. हिच्यावर बसायचं, हिला हात पुसायचे, पावसात भिजवायची. फक्त गळ्यातून काढायची नाही."

"झोपताना?"

"झोपताना काढ. उशाला ठेव."

पांढरी कपाटातच आहे. सुनेला ती फेकवत नाही. राहू दे, सडू दे.

मळखाऊ पर्सला आता चार महिने झाले. सुनेने दोनदा धुवायला मागितली, नातीने दिली नाही. खालच्या बाजूला मैदानाची माती बसलीय, एका कोपऱ्यावर आमरसाचा डाग. रोज संध्याकाळी मी ती उघडून बघते, हात घालायची इच्छा होत नाही तरी घालते. परवा आत काळ्या मुंग्या होत्या. गोळ्यांचे दोन रिकामे कागद चिकट होऊन अस्तर नसलेल्या तळाला चिकटले होते. मी नातीला हाक मारली.

ती टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "खेळताना हात थरथरत होते. मग खाल्ल्या."

"बाईंना सांगितलंस?"

"खाऊन झाल्यावर सांगितलं. मग परत खेळले."

मी पर्स गॅलरीत नेऊन झटकली. मुंग्या हातावर चढल्या, दोन चावल्या. कागद खरवडून काढले आणि नव्या चार गोळ्या आत टाकल्या.