माहेरचा रकाना

"नोंद दाखवा."

हे त्यांचं वाक्य. मंडळाच्या गणपतीत कोणी हातात प्रसादाची प्लेट घेऊन सांगू लागलं, की आमचे खापरपणजोबा म्हणजे पेशव्यांच्या दरबारात अमुक हुद्द्यावर होते, की पाठीमागून शांत आवाज यायचा, "नोंद दाखवा." सांगणारा कसनुसा हसायचा, आजूबाजूचे खदखदून हसायचे. ते मात्र हसायचे नाहीत. चष्मा कपाळावर चढवून खरोखरच उत्तराची वाट बघत उभे राहायचे. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल, आणि जेवणाच्या रांगेत तुम्हीही त्याच्यापासून दोन माणसं सोडून उभे राहत असाल.

मीही तेच केलं असतं. पण आमचं आडनाव एक निघालं, आणि चौकशीअंती मूळ गावही एकच निघालं. मी तेव्हा नुकताच पुण्याहून कॅनडातल्या वॉटर्लूला नोकरीसाठी आलो होतो. ते सत्तर सालच्या आगेमागे आलेले, आयुष्यभर पुलांची गणितं मांडून निवृत्त झालेले. त्यांची बायको मार्गारेट, शाळेतली ग्रंथपाल, तीही निवृत्त. मुलगी रेवा कॅल्गरीला एका तेल कंपनीत इंजिनिअर. मी त्यांना काका म्हणू लागलो आणि मार्गारेटला मार्गारेटच, कारण काकू म्हटलं की ती मागे वळून बघायची.

काकांनी लग्नाची बातमी पत्राने घरी कळवली तेव्हा वडिलांनी त्यांच्या नावाने आंघोळ केली होती. हे त्यांनी मला गाडीत सांगितलं, हीटरचं बटण फिरवता फिरवता. "मी इथे पुलाच्या साइटवर उभा, उणे वीसमध्ये. आणि तिथे मी मेलेलो. गंमत आहे की नाही?" गंमत वाटल्यासारखा त्यांचा चेहरा मात्र नव्हता.

मग पुण्याहून आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचं पत्रक आलं. कुलवृत्तांत म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको: एका आडनावाची सगळी माणसं, पिढ्यांमागून पिढ्या, एका जाडजूड ग्रंथात. समितीचे चिटणीस माझेच थोरले काका, अण्णाकाका. पत्रकात एक नवी ओळ होती. काळ बदलला आहे, तरी परदेशी सुनांचीही माहिती अवश्य पाठवावी.

काकांनी ती ओळ मला तीन वेळा वाचून दाखवली. पस्तीस वर्षं ज्या घरात ते मेलेले होते, त्या घराने बायकोचं नाव विचारलं होतं.

सोबत फॉर्म होता. पत्नीचे लग्नानंतरचे नाव, माहेरचे नाव, माहेरचे घराणे व मूळ गाव. या शेवटच्या रकान्यात आपण काय लिहितो? दोन शब्द. फार तर वाईचे, चिपळूणचे. काकांनी त्या रकान्यासाठी दीड वर्ष घेतलं.

मार्गारेटचे आजोबा इंग्लंडच्या एका खेड्यातून कॅनडात आले होते. त्यापलीकडे तिला काही ठाऊक नव्हतं आणि उत्सुकताही नव्हती. "ते शेतमजूर होते," ती इंग्रजीत म्हणायची. "आयुष्यभर राबले. आता त्यांना पडू दे निवांत." काका ऐकायचे नाहीत. गावातल्या एका चर्चच्या तळघरात जुन्या नोंदी बघायची सोय होती. तिथे अर्ज करायचा, की सहा-आठ आठवड्यांनी त्या खेड्यातल्या चर्चच्या वह्यांची मायक्रोफिल्म यायची. मग हाताने दांडा फिरवत एकेक पान पडद्यावर आणायचं. बाप्तिस्मे, लग्नं, दफनं. काकांनी हिवाळ्यात गाडी चालवणं सोडलं होतं, म्हणून दर शनिवारी मी त्यांना न्यायचो, आणि नेलंच आहे तर शेजारी बसायचो.

पाद्र्यांचं अक्षर असं, की ते आपल्याकडच्या डॉक्टरांचे पूर्वज शोभावेत. पहिले दोन महिने मला त्यातलं अक्षर लागलं नाही. काका मात्र मोडी वाचलेले, त्यांना सवय होती. शिवाय त्या खेड्यात दर पिढीला थोरला मुलगा जॉन, आणि त्याची बायको मेरी. "आपल्यासारखंच," काका खूश होऊन म्हणायचे. "आजोबाचं नाव नातवाला." एकदा असाच एक जॉन मी शोधून काढला, साल जुळणारा, बापाचं नाव जुळणारं. काकांनी दफनाची वही मागवली. दोन महिन्यांनी ती आली. माझा जॉन सहा आठवड्यांचा असतानाच गेला होता, आणि पुढच्या वर्षी झालेल्या भावाला तेच नाव दिलं होतं.

"जन्माच्या नोंदीवर भुलायचं नाही," काका म्हणाले. "आधी तो मेला का ते बघायचं."

त्यांचे नियम असेच कडक होते. एका पानावर दोन ओळींच्या फटीत कोणी वेगळ्या शाईने एक नाव घातलं होतं, आणि ते आम्हाला हवं तेच नाव होतं. मी टाळी वाजवणार होतो. काकांनी मान हलवली. "मागाहून घुसवलेली नोंद धरायची नाही." त्या एका नावापायी आम्ही आणखी चार शनिवार घालवले.

एक नोंद मात्र त्यांनी विनाकारण उतरवून घेतली. मार्गारेटच्या घराण्याशी तिचा संबंध नव्हता. दफनाच्या वहीत, दोन जॉनच्या मध्ये, पाद्र्याने लिहिलं होतं: एक अनोळखी बाई, आमच्या रस्त्यावर मरण पावलेली. नाव नाही, वय नाही, फक्त तारीख. काका पडद्यासमोर कितीतरी वेळ बसून राहिले. "बघ," ते म्हणाले, "कोण कुठली. पण लिहिलं त्याने." परत येताना वाटेत कॉफीला थांबलो तेव्हाही तेच म्हणाले.

अडचण निघाली ती मार्गारेटच्या खापरपणजोबांपाशी. बाप्तिस्म्याच्या वहीत आईचं नाव होतं. बापाच्या जागी पाद्र्याने लिहिलं होतं, अनौरस.

मी गाडीत म्हणालो, "काका, एवढं नको पाठवायला. त्यांना तिच्या वडिलांचं नाव आणि गाव, बास झालं."

"रकाना काय म्हणतो? घराणे."

"हो, पण पुण्याची माणसं..."

"नोंद आहे ती आहे," काका म्हणाले. "तीच तर इतकी वर्षं त्यांना सांगायची होती. की ही कुठून तरी उगवलेली बाई नाही. हिची माणसं आहेत. दोनशे वर्षं एकाच चर्चच्या आवारात पुरलेली आहेत. त्यातलं एक लपवलं तर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवेल?"

बेचाळीस पानं झाली. सुवाच्य मराठीत, प्रत्येक नावापुढे वहीचा आणि पानाचा क्रमांक. 'लग्नानंतरचे नाव' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, मार्गारेटच. त्या डिसेंबरात मी पुण्याला जाणार होतो. टपालावर विश्वास नाही म्हणून पाकीट त्यांनी माझ्या हातात दिलं. मार्गारेटला तेव्हा कॅन्सरचं निदान झालं होतं. सोफ्यावर शाल पांघरून ती मला म्हणाली, "हा माझ्याशी पुन्हा लग्न करतोय. या वेळी कागदपत्रांसकट." आणि मग हळूच, "आय वुड लाइक टु बी इन देअर, यू नो." तिने स्वतःसाठी काही मागितलेलं मी तेवढं एकदाच ऐकलं.

अण्णाकाकांच्या दिवाणखान्यात समितीचे तिघे बसले होते. त्यांनी पानं उलटली. आधी कौतुक झालं. मग ते पान आलं.

"अरे, हे काय? आईच्या नावावर लावलेलं पोर?"

"तिकडच्या वहीत तसंच आहे," मी म्हणालो.

"तिकडे असेल. उद्या कोणी स्थळ बघताना आपलं पुस्तक उघडलं तर? लोक घराण्याबद्दल काय म्हणतील?"

"मग नुसतं नाव घाला."

"नाव घातलं की माहेर आलं. आणि आता हे आपल्याला माहीत झालंय. माहीत असून गाळलं तर ते खोटं होईल," अण्णाकाका म्हणाले. खोटेपणाची त्यांना फार चीड. थोडा विचार करून त्यांनी मार्ग काढला. "असं करू. परदेशी वास्तव्य, पुढील माहिती उपलब्ध नाही. कोणी दुखावायला नको. तुला चालेल ना?"

बेचाळीस पानं टेबलावर पडलेली होती. मी नुसतं नाही म्हटलं असतं, पाकीट उचललं असतं, माझीही नोंद काढून टाका म्हटलं असतं, तर कदाचित काही झालं असतं. कदाचित नसतंही. पण माझे वडील शेजारी बसले होते, माझा फोटो पुस्तकात जायचा होता, आणि मला दहा दिवसांनी परत जायचं होतं. मी म्हणालो, "बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसं." "बघतो," अण्णाकाका म्हणाले, आणि काकूंनी शिरा आणला. मी दोनदा घेतला.

वॉटर्लूला पोचल्याबरोबर काकांचा फोन आला. "पोचले कागद?"

"पोचले."

"काय म्हणाले?"

"बघतो म्हणाले."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. हे मी तेव्हा स्वतःला बऱ्याचदा सांगितलं.

मार्गारेट पुढच्या हिवाळ्यात गेली, पुस्तक छपाईला असताना. शेवटच्या आठवड्यात मी भेटायला गेलो, तर तिने विचारलं, "आले का मी पुस्तकात?" काका म्हणाले, "छापतायत." मी खिडकीतून बाहेर साचलेल्या बर्फाकडे बघत राहिलो. जमीन गोठलेली होती, त्यामुळे दफन एप्रिलवर गेलं. काका म्हणाले, "मृत्यू जानेवारीतला, दफन एप्रिलमधलं. पुढे शोधणाऱ्याचा घोळ होणार बघ." हे म्हणताना त्यांचा आवाज फुटला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला आजही नकोसा वाटतो.

पुस्तक जूनमध्ये आलं. त्यांनी फोन केला नाही, माझी प्रत आली म्हणून मीच गेलो. ग्रंथ जेवणाच्या टेबलावर उघडा होता. त्यांनी भिंग माझ्याकडे सरकवलं.

"वाच."

मी वाचलं. जन्म, शिक्षण, परदेशी वास्तव्य. पुढील माहिती उपलब्ध नाही.

"कागद दिलेस?"

"दिले काका."

"सगळे?"

"सगळे."

"मग माहिती उपलब्ध होती."

"छपाईत राहून गेलं असेल," मी म्हणालो. "पुढच्या आवृत्तीत..."

त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली डोळ्यांवर आणला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. पडद्यावरच्या ओळीकडे बघायचे तसं.

"ठरलं तेव्हा तू तिथे होतास?"

मी भिंग त्यांच्याकडे परत सरकवलं. त्यांना उत्तर मिळालं. मग ते म्हणाले, "चहा घेणार?" त्या घरात हे विचारायचं काम मार्गारेटचं होतं. मी नको म्हणालो आणि बूट घातले.

त्यानंतर त्यांनी मला कधी गाडी घेऊन बोलावलं नाही. मी फोन केला की म्हणायचे, "बस आहे." भांडले नाहीत, कोणाला सांगितलंही नाही. मंडळाच्या गणपतीला येईनासे झाले. आता कोणीही खुशाल पेशव्यांपर्यंत जाऊ शकत होतं, आणि लोक जातही होते. एकदा मीच एकाला म्हणालो, "नोंद दाखवा." सगळे हसले. मला जेवण गेलं नाही.

तीन वर्षांनी ते गेले. झोपेतच. घर आवरायला रेवा कॅल्गरीहून आली होती. तिनेच मला बोलावलं. बाबांच्या फोनबुकमध्ये आडनाव एक असलेला माणूस मी एकटाच होतो.

पुस्तकांचे खोके भरून झाले होते. कुलवृत्तांत तिने बाजूला काढून ठेवला होता. तिला मराठी थोडंफार कळतं, वाचता येत नाही.

"धिस वन हॅज हिज रायटिंग," ती म्हणाली आणि पान उघडलं.

त्यांच्याच नोंदीशेजारी, समासात, तेच बेचाळीस पानांतलं सुवाच्य अक्षर होतं. मार्गारेटचं नाव त्यांनी लिहिलं नव्हतं. मागाहून घुसवलेली नोंद त्यांनी स्वतःची सुद्धा धरली नसती. जे घडलं तेवढंच लिहिलं होतं: माहिती दिली होती. पाने बेचाळीस. नेऊन देणारा, आणि त्यापुढे माझं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. शिवी नाही, उद्गारचिन्ह नाही. खाली तारीख.

"व्हॉट डज इट से?" रेवाने विचारलं.

खोलीत अजून मार्गारेटची शाल सोफ्यावर होती. रेवाचे डोळे रडून सुजलेले होते.

"तुझ्या आईचं नाव लिहिलंय," मी म्हणालो.

"रिअली? व्हेअर?"

मी माझ्या नावावर बोट ठेवलं. ती खाली वाकली, त्या अक्षरांवरून हलकेच अंगठा फिरवला, आणि मग फोन काढून त्या ओळीचा फोटो घेतला.