दारातला सात दिवसांचा मांडव

देवाचा नियम तंतोतंत पाळायचा असेल तर आधी शेजाऱ्याला त्याचा घोडा लांब बांधायला सांगावा, हे मला वयाच्या तिसाव्या वर्षी कळलं.

गोष्ट निजामाच्या राज्यातली. जालना स्टेशनापासून अर्ध्या कोसावर आमची ख्रिस्ती वस्ती होती. पंचवीस-तीस घरं, एक देऊळ (आम्ही चर्चला देऊळच म्हणत असू) आणि एक शाळा, जिचा मी मास्तर. साधासुधा मास्तर नव्हे! पवित्र शास्त्र (म्हणजे बायबल) दोनदा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला, आणि तेही वंशावळ्या न गाळता. त्या साली मंडळीच्या पंचांपैकी एक म्हातारे गृहस्थ वारले होते, आणि त्यांच्या जागी कोणाला निवडावं याची वस्तीत चर्चा चालू होती. त्यात चर्चा करण्यासारखं काय आहे, ते मला समजत नव्हतं.

अशा दिवसांत मला शास्त्रातल्या लेवीय पुस्तकाचा तेविसावा अध्याय चावला. वल्हांडण, बेखमीर भाकरींचा सण, मांडवांचा सण, सगळे सण पिढ्यानपिढ्या पाळा म्हणून स्वच्छ लिहिलेलं! मी भर मंडळीत उभा राहिलो.

"पाळकसाहेब, नाताळाची तारीख शास्त्रात कुठं लिहिलीय?"

"कुठंच न्हाई," पाळकसाहेब म्हणाले. आमच्या देवळाचे धर्मगुरू, शांत माणूस. त्यांच्या शांतपणाचा मला फार राग यायचा.

"मंग जे लिहिलंय ते सोडून दिलं, आन् जे लिहिलं न्हाई ते पाळून राह्यलो आपण!"

"मास्तर, ते सण म्हणजे सावली. ज्याची सावली तो ख्रिस्त स्वतः घरी आला, आता सावलीला कशाला बसायला पाट द्यायचा? पण सणावारावरून कुणी कुणाला दोष देऊ नये असंबी लिहिलंय. तुम्हाला पाळायचा तर खुशाल पाळा."

"पाळणारच! आन् सणातल्या रविवारी इथं उभं राहून साक्ष देणार. पटली तर पुढच्या साली सगळ्या वस्तीनं पाळायचा!"

"बराबर. पण एक बघा, तिथं लिहिलंय की जो जन्मानं इस्राएली असंल त्यानं मांडवात राहावं." पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. "तुमचा जन्म अंबड तालुक्यातला."

मंडळी खो खो हसली. माझे कान तापले. पंचाची निवडही सणातल्या त्याच रविवारी होती, म्हणजे आता प्रश्न शास्त्राचाही होता आणि माझ्या अब्रूचाही.

(बेखमीर भाकरींचा सण मी त्याआधी चैत्रात करून पाहिला होता. सात दिवस घरात आंबवलेली भाकरी येता कामा नये, असं आईला मोठ्या गंभीरपणे सांगितलं. आईनं चुलीवरची ज्वारीची भाकरी उलटली आणि म्हणाली, "आपल्यात बारा महिने बेखमीरच असती, बाबा. तू आज वळखलीस व्हय?" तो सण तिथेच संपला.)

त्यामुळे आता मला लोकांना दिसेल असा सण हवा होता. मिसरातून सुटलेले इस्राएली लोक वाळवंटात मांडव घालून राहिले, त्याची आठवण म्हणून या सणात सात दिवस मांडवात राहायचं. मांडवांचा सण सातव्या महिन्यात, पंधराव्या दिवशी. चैत्रापासून बोटं मोजली तर आश्विन पौर्णिमा! परमेश्वरानं जणू जालन्याचं पंचांग पाहूनच नेमला होता. शास्त्रात खजुरीच्या फांद्या सांगितल्या आहेत. आमच्याकडे खजुरीची गरीब बहीण शिंदी. तिच्या रसाची दारू होत असल्यानं आबकारी खात्याच्या परवानगीशिवाय झाडाला हात लावायची सोय नव्हती, म्हणून खाली गळलेल्या झावळ्या वेचून आणल्या. दाट पानांची झाडं म्हणून आंबा आणि जांभूळ. ओहोळाकाठची झाडं म्हणून निरगुडी. घरापुढे चार मेढी रोवल्या, वर झावळ्या टाकल्या, पुढे आंब्याचे टहाळे बांधले आणि तिन्ही बाजूंनी कडबा लावला. मांडव इतका देखणा उतरला की मी रस्त्यावरून तीनदा ये-जा करून तो परक्या वाटसरूच्या नजरेनं पाहिला.

आई आत यायला तयार होईना. म्हणाली, "ज्याहीला देवानं मिसरातून आणलं त्याहीनं मांडवात बसावं. मला तुझ्या बापानं भोकरदनहून बैलगाडीत आणलंय. मी घरातच बरी हाय."

माझी बायको सगुणा मात्र अंथरूण घेऊन मांडवात आली. आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढचं रामायण (मास्तर ख्रिस्ती असला तरी शब्द हाच) त्यावरूनच घडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे शेजारी करीमचाचा टांगा जुंपून स्टेशनाकडे निघाले होते. मांडव पाहून थांबले.

"मुबारक हो मास्टर! मांडव तो झकास घाले!"

मला गहिवरून आलं. स्वतःची मंडळी हसते आणि एक मुसलमान शेजारी देवाच्या सणाचा मान राखतो!

"शुक्रिया, चाचा. सात दिवसांचा हाय."

"सात दिन? बड़ा खर्चा! और घरवाली? वो राज़ी है?"

"राजी केलं. तिचा सोभाव गरीब हाय. ती स्वतः अंथरूण घेऊन आली."

"या अल्ला! और अम्मा?"

"आई रुसून बसलीय. होईल हळूहळू सवय. आता दरसाल करायचाय ना!"

"दरसाल?" चाचांच्या हातून लगाम सुटला. "हर साल?"

"पिढ्यानपिढ्या! मी तर म्हणतो, सगळ्या वस्तीनं करावं. पाळकसाहेबच आडवे येऊन राह्यले."

चाचांनी लगाम सावरला. मग घोड्याला टाच दिल्यासारखा टांगा पळवला. माझ्या शब्दांचा परिणाम इतका खोल झालेला मी शाळेत कधी पाहिला नव्हता.

आता वाचकांच्या जे केव्हाच लक्षात आलं, ते शास्त्र दोनदा वाचलेल्या माणसाच्या लक्षात आलं नाही. आमच्या मुलखात घरापुढे मांडव पडला, आंब्याचे टहाळे लागले, म्हणजे घरात लग्न! आमच्या घरात लग्नाचं दुसरं कुणीच नव्हतं. बहीण नाही, भाऊ नाही, लेकरू नाही. उरलो मी!

तिसऱ्या दिवशी सगुणा विहिरीवरून रिकामी घागर घेऊन परतली. मांडवात बसली. मी तिला सणाचा गूढार्थ सांगायला लागलो तर तिनं हात वर केला.

"अहो, बाया पुसत होत्या, नवरी कुठली हाय म्हणून."

"कुणाची नवरी?"

"तुमची." तिनं घागरीकडे पाहिलं. "एकजण म्हणली, लगीनसराई न्हाई तर आत्ता कसं? दुसरी म्हणली, ख्रिस्ती लोकाहीला मुहूर्त कुठं लागतो? तिसरी म्हणली, सहा वर्सं वाट बघितली की बिचाऱ्यानं. आन् दारात शिंदीच्या झावळ्या हायेत, म्हणजे पिण्याचीबी सोय केली म्हणं."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते माझ्या विद्वत्तेनं काढलेलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. मी उठलो आणि पहिल्या मेढीला हात घातला.

"काय करून राह्यले?"

"मोडतो हा मांडव. आत्ताच्या आत्ता!"

"न्हाई मोडायचा." सगुणाचा आवाज असा मी पूर्वी ऐकला नव्हता. "आज मोडला तर लोक म्हणतील, ठरलेलं मोडलं. म्हणजे ठरलं होतं. देवापुढं सात दिवस म्हणलात ना? मंग सात दिवस!"

मांडव राहिला. दोन दिवसांत गावातून बारा माणसं नवरी पाहायला येऊन गेली. एका म्हातारीनं तर माझ्या हातावर शेवयांची पुडी ठेवली आणि "औंदा तरी पोरगं होऊ दे" असा आशीर्वादही देऊन गेली. शाळेत पोरं मला पाहिलं की कविता एकदम मोठ्यानं म्हणत. ख्रिस्ती मास्तरानं दुसरी बायको केली म्हणजे देवळातलं प्रभुभोजन बंद, शाळा बंद, पंचपद तर स्वप्नातही बंद!

पाचव्या दिवशी, शनिवारी दुपारी, करीमचाचांचा टांगा दारात उभा राहिला. आतून सगुणाचे दोघे भाऊ उतरले. परतूरला कापसाच्या गाठी उचलणारी माणसं, आणि हातात काठ्या! चाचांनी मांडवाची बातमी स्टेशनावर परतूरच्या एका व्यापाऱ्याला सांगितली होती आणि ती व्यापाऱ्याबरोबर गाडीनं परतूरला गेली होती. चाचा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मास्टर, सवारी को नको कैसा बोलनेका?"

"दाजी," थोरला मेहुणा म्हणाला, "नवरी कुठं हाय?"

"दादा, हा लेवीयाचा तेविसावा अध्याय हाय..."

"तेवीस हायेत व्हय!" धाकट्यानं काठी उचलली.

मी मांडवात मागे सरलो आणि तिथून सणाचं मूळ समजावू लागलो. मिसर, चाळीस वर्षं, वाळवंट! सगळी वस्ती जमली. पाळकसाहेबही आले. मी वाळवंट अर्धं पार केलं असेल नसेल, तेवढ्यात माझ्या पाठीमागून कचकच आवाज यायला लागला. चाचांचा घोडा! टांग्यासकट मांडवाच्या मागे सरकलेला, दुपारची वैरण चुकलेली, तोंडासमोर कोरडा खमंग कडबा. त्यानं मागची भिंत खाऊन संपवली होती आणि आता वरच्या बाजूला लागला होता. त्यानं एक हिसका दिला मात्र, मेढी निखळल्या, झावळ्या कोसळल्या, आणि पिढ्यानपिढ्या टिकणारा सण माझ्या डोक्यावर आला!

जांभळाच्या फांदीतून मला एवढंच दिसलं की घराचं दार उघडलं आणि सगुणा बाहेर आली. अंगावर लग्नातलं पांढरं लुगडं, केसांत शेवंती.

"नवरी बघायला आलात ना?" ती म्हणाली. "ही घ्या. नीट बघा. मूल न्हाई म्हणून मला टाकणारा हा माणूस न्हाई. ह्याला शास्त्रातलं सगळं कळतं, दुनियेतलं कायबी कळत न्हाई. असल्या माणसानं दुसरी बायको करायचं मनावर घेतलं तरी त्याला ती मिळंल का?"

आधी हसले थोरले मेहुणे. मग पाळकसाहेब, मग वस्ती, मग चाचा. घोडासुद्धा खिंकाळला. मी झावळ्यांखाली पडून होतो, कानात कडबा गेला होता, पण खरं सांगतो, तेवढा अभिमान मला आयुष्यात कधी वाटला नाही. ही माझी बायको! सगळ्या वस्तीदेखत वाटला, आणि आजही तो उतरलेला नाही.

मेहुण्यांनी त्याच काठ्यांच्या मेढी करून मांडव पुन्हा उभा केला. म्हातारीच्या शेवया शिजल्या. आई भाकऱ्यांची चवड घेऊन बाहेर आली आणि पहिल्यांदा मांडवात बसली. "घ्या, बेखमीर हायेत," असं तिनं प्रत्येकाला वाढताना सांगितलं.

रविवारी मी साक्षीला उभा राहिलो. एकोणीस पानं लिहून आणली होती. समोर बायकांच्या बाजूला सगुणा बसली होती. मी कागद घडी करून खिशात ठेवले.

"सण पाळलाच पाहिजे असं न्हाई," मी म्हणालो. "पण पाळायचा असंल तर शेजाऱ्याला आधी जेवायला बोलवावं, आन् मंग मांडव घालावा."

"आमेन," पाळकसाहेब म्हणाले. त्यांचं आमेन इतक्या लवकर मी कधी मिळवलं नव्हतं. पंच म्हणून अर्थात दुसऱ्याच गृहस्थांना निवडलं.

तेव्हापासून आश्विनात आमच्या दारी मांडव पडतो आणि सगळी वस्ती जेवायला येते. सक्ती कुणावर नाही, पण शेवया असल्यामुळे सहसा कुणी चुकत नाही. करीमचाचा होते तोवर घोडा लांब चिंचेला बांधून पहिल्या पंगतीला बसत, आणि स्टेशनावरच्या प्रत्येक नव्या सवारीला सांगत, "वो मास्टर? बोले वैसा करते. हर साल शादी, और हर साल उसीच औरत से!"

ते खरंच आहे. फक्त दरसाल मेढी रोवण्याआधी मला आत जाऊन सगुणाला "यंदा मांडवात येशील ना?" असं विचारावं लागतं, आणि यंदा तिनं चार दिवस विचार करून हो म्हटलं.