बोअरचं पाणी आणि एंजलची अंडी

लालबागची आमची चाळ पाडून टॉवर झाला आणि आम्ही वरच्या मजल्यावर राहायला आलो. आई त्याआधीच गेली होती. चाळीच्या गॅलरीत दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलणारे माझे वडील इथल्या बंद दारांसमोर गप्प झाले. त्यांच्यासाठी मी माशांचा मोठा टँक घेतला. त्यातली एंजल माशांची जोडी त्यांची लाडकी झाली. सकाळचा चहा ते तिच्यासमोरच प्यायचे.

जोडीने फिल्टरच्या पाइपवर अंडी घातली तेव्हा त्यांनी मला ऑफिसात फोन केला. आवाजात किती दिवसांनी उत्साह होता! पण अंडी पांढरी पडून वाया गेली. पुढच्या खेपेला तेच. त्यापुढच्याही.

शेवटी टेस्ट किट आणलं. नळीत पाणी घ्यायचं आणि रंग बदलेपर्यंत औषधाचे थेंब टाकायचे. थेंब जितके जास्त, तितके पाण्यात क्षार जास्त. मी टाकत राहिलो, रंग काही बदलेना. पालिकेचं पाणी कमी पडलं की सोसायटी टाकीत बोअरचं पाणी सोडत होती. एंजलच्या अंड्यांना ते सोसत नाही.

मग मी प्यायच्या पाण्याच्या आरओमधून बादल्या भरून टँकमध्ये मिसळू लागलो.

"माणसांनी काय प्यायचं?" बायको चिडली.

मोठ्या मुश्किलीने प्रमाण जमलं, तर नळाचंच पाणी बदललं. पालिकेचं आलं, कमी क्षारांचं. त्यात माझं आरओचं पडल्यावर क्षार जवळजवळ उरलेच नाहीत. मासे पंख मिटून कोपऱ्यात बसले. ते सावरले तोवर पुन्हा बोअर.

मी सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठलं. "टाकीत आज कुठलं पाणी आहे, एवढं ग्रुपवर टाकाल का?"

"कशासाठी?"

"माशांसाठी."

"अहो, इथे लोक लिफ्टवरून माझं डोकं खातायत!"

घरी येऊन पुन्हा बादली उचलली, तेव्हा वडील म्हणाले, "जगू दे रे त्यांना. रोज काय ओततोस?"

ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यांनीच असं म्हणावं! मी बादली मोरीत रिकामी केली.

माझी बहीण गिरगावात जुन्या इमारतीत राहते. तिथे बोअर नाही, नळाला फक्त पालिकेचं पाणी. जोडी तिच्याकडे द्यायची ठरली. टॅक्सीत वडील माशांची पिशवी मांडीवर धरून बसले होते.

काही आठवड्यांनी बहिणीचा फोन आला. "अरे, पिल्लं पोहतायत!"

"तू काय केलंस?"

"काही नाही. पाणी भरलं."

आनंद झाला, पण इतका वैताग आला की धड अभिनंदनही न करता मी फोन ठेवला.

माझ्या टँकमध्ये आता मोली मासे आहेत. त्यांना बोअरचं पाणी मानवतं. वडील त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. नाश्ता झाला की बस पकडून गिरगाव गाठतात. तिथल्या गॅलरीत त्यांना दोन-तीन समवयस्क भेटलेत. परवा जेवताना म्हणाले, "मी काही दिवस तिकडेच राहू का रे?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बघू."

"बघू काय? पिशवी भरून ठेवलीय मी," ते म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.